कावळ्याला ताळेबंद वाचता येत नाही

वहिनी, पेपरात तू गेल्याची बातमी आली तेव्हा तिच्यात तुला 'धार्मिक वृत्तीच्या, मनमिळाऊ गृहिणी' म्हटलं होतं. मजकूर तुझ्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं दिला होता. मी दादाला विचारलं, "हे धार्मिक कुठून काढलंस?" तर म्हणाला, "अगं, सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, "आणि बिअर?" तो डोळे पुसत म्हणाला, "दुःखाच्या बातमीत बिअर कशी लिहायची, सांग."

मी सांगत बसले नाही. दुसऱ्या दिवशी नई सडकेवर जाहिराती घेतात तिथं गेले आणि स्वतःच्या पैशानं दुसरी बातमी दिली. ग्वाल्हेरात स्वतःच्या हातांनी बिअर बनवणारी, ती विकून डझनभर घरांचे पगार एकदाही न चुकवणारी आमची वहिनी गेली, एवढंच. काउंटरवरच्या माणसानं कागद दोनदा वाचला. "दीदी, ये पक्का छपवाना है?" म्हटलं, "पक्का. और बीयर मोटे अक्षरों में."

आमच्या आत्याबाईंनी, बाबांच्या बहिणीनं, त्यावरून अजून माझ्याशी बोलणं सोडलेलं आहे. तुला हे ऐकून हसू आलं असतं.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू मध्येच उठून गेलीस म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही. इथं सगळ्यांनी ते बरोबर ठरवून टाकलंय. परवा इंदूरच्या कर्जावर सही करायची आहे. कागदांवर दादाची सही झालेली आहे, तुझ्या जागी तुझ्या लेकीची, ईशाची व्हायची आहे, आणि माझी.

आठवतं ना, हे सगळं सुरू कसं झालं? तू डेअरीच्या प्रयोगशाळेत दह्याचे जिवाणू मोजून कंटाळली होतीस आणि मी बँकेत लोकांची कर्जं तपासून. दाना ओलीतल्या आपल्या घरात वरच्या मजल्यावर मी, खाली तुम्ही. जिन्यावर बसून तू म्हणालीस, "वन्सं, मला बिअर करायचीये." सांगलीहून येताना तू 'वन्सं' हा शब्द मुद्दाम बरोबर आणला असावास. तुझ्या पिढीत कुणी नणंदेला तसं म्हणत नव्हतं. लाडात असलीस की 'वन्सं, तू', आणि रागात असलीस की 'वन्सं, तुम्ही'.

आत्याबाई म्हणाल्या होत्या, "आपले पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, तलवारी गाजवल्या, आणि घरची सून आता भट्टी लावणार?" तू भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणालीस, "फौजेत काय सगळे ताकच प्यायचे का, आत्याबाई?" त्या दिवसापासून आपण सगळे त्या जागेला भट्टीच म्हणायला लागलो. सिटी सेंटरला काचेचा दर्शनी भाग, आत चकचकीत टाक्या, दारावर चांगलं इंग्रजी नाव, आणि घरात विचारायचं, "भट्टीवर जाऊन आलीस का?"

आणि पहिल्या वर्षीची गटारी! वहिनी, ती तरी कशी विसरू.

आपल्या स्वयंपाकघरात मराठी पंचांगाचं कॅलेंडर. त्यात श्रावण आषाढ अमावास्येनंतर लागतो. तू सांगलीची, तुझ्या डोक्यात पक्कं, की श्रावण लागायच्या आधी लोक पिऊन घेतात. सगळ्या टाक्या तोंडापर्यंत भरल्यास. 'गटारी धमाका' म्हणून फलक लावलेस. आणि संध्याकाळी हॉलमध्ये कोण? दादाच्या ऑफिसातले तिघे-चौघे मराठी, तेही रुमाल नाकाशी धरून मागच्या दारानं आलेले. वाढपी हात बांधून उभे. तू त्यांच्यातल्या एकाला विचारलंस, "आज लोग क्यों नहीं आए?" तो बिचारा म्हणाला, "मैडम, सावन चढ़े तो पंद्रह दिन हो गए. अभी कौन पिएगा?"

पौर्णिमेपासून महिना धरणाऱ्या या अख्ख्या शहराचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारं आपलं घर, शेजारणी सावनाचे सोमवार आधीच धरतात हे जन्मापासून पाहणारं; पण टाक्या भरताना एकालाही आठवलं नाही. घरात शिरलं की आपलं घड्याळ कोल्हापूर-सांगलीचं होतं. आणि गंमत तिथंच संपली नाही. आपला श्रावण लागला म्हणून आपण काम थांबवलं, तोवर राखी आली, शहराचा सावन संपला आणि लोक तहानलेले दारात उभे. पिणारे नव्हते तेव्हा टाक्या भरलेल्या, पिणारे आले तेव्हा टाक्या कोरड्या. शिळी झालेली सगळी बिअर तू ओतून दिलीस.

मी त्या वेळी तुझा हात धरला होता. म्हटलं, थोडी स्वस्तात काढू, माल-वीज-भाडं तरी सुटेल. तू म्हणालीस, "आज पैसे येतील, वन्सं. पण जो पिईल तो परत येणार नाही, आणि येताना ज्यांना घेऊन आला असता तेही येणार नाहीत. ते तू कुठल्या रकान्यात लिहिणार?" बँकेत इतकी वर्षं काढली, पण न आलेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता. तो तू शिकवलास. सोमवारी हॉल रिकामा असतो म्हणून मी भाव उतरवायचा हट्ट धरला तेव्हाही तू ऐकलं नाहीस, आणि तुझंच खरं होतं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते. तुझंच खरं होतं.

पुढल्या वर्षीपासून टाक्यांशेजारी दोन कॅलेंडरं लागली, एक हिंदी, एक मराठी. सगळं काम ती दोन्ही शेजारी ठेवून आखायचं. गुरुपौर्णिमा आली की पटकन तयार होणारी बिअर कमी करायची आणि रिकाम्या होणाऱ्या टाक्यांत लागर भरायची, थंडाव्यात आठवडेच्या आठवडे सावकाश पिकणारी. विक्रीच नाही तर घाई कसली? जे दिवस विकण्याचे नव्हते ते तू पिकवण्याचे करून टाकलेस. शहराचा सावन संपून लोक परतले, की असली लागर मोठ्या शहरांतसुद्धा मिळत नाही असं म्हणायला लागले. तिच्यावर आपलं नाव झालं, वहिनी. ते एका चुकीतून झालं आणि त्या चुकीचं तू सोनं केलंस.

माझं काम त्याहून रुक्ष. हिवाळ्यात लग्नसराई, थंडी, हॉल भरलेला. तेव्हा येणाऱ्या पैशातून मी थोडाथोडा वेगळ्या खात्यात टाकत गेले. पडत्या दिवसांत पगार, भाडं, वर्षाच्या सुरुवातीलाच भरावी लागणारी परवान्याची फी, सगळं त्यातून. बिअर विकली जावो न जावो, ही माणसं आणि ही बिलं सावन पाळत नाहीत. तू त्या खात्याला 'वन्संचा डबा' म्हणायचीस. नवी टाकी हवी झाली की डब्याकडे बघायचीस, आणि मी झाकण दाबून धरायची. पण महामारीत सगळं बंद होतं तेव्हा त्याच डब्याच्या जोरावर आपण एकालाही कामावरून काढलं नाही. त्यानंतर तू एकदाच, जाता जाता, माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची पुरणपोळी ठेवलीस. मला कळलं.

आणि मग इंदूर.

तिथले एक भाईसाहब आपली लागर पिऊन गेले आणि तुझ्यामागं लागले. इंदूरला मोठ्या मॉलमध्ये मोठी जागा, आपल्या तिप्पट टाक्या. जागा ते मिळवणार, निम्मे पैसे ते घालणार. उरलेल्यासाठी आपण कर्ज काढायचं, इथल्या टाक्या आणि आपलं नाव तारण ठेवायचं, आणि डबा रिकामा करायचा. तू हरखून गेलीस. तुझं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं, ते मी आजही म्हणणार नाही. तू म्हणायचीस, "एकाच जागेवर सगळं आहे गं. एका टाकीला संसर्ग झाला तर सगळं घर आजारी. समोर उद्या कुणी बडा आला तर आपण काय करणार?" आणि मी म्हणायची, आधी इथल्या टाक्या सोमवार ते गुरुवार रिकाम्या असतात त्या भर. अर्धी भट्टी झोपलेली असताना दुसरी बांधायची कशाला? तिथलं भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होणार, गिऱ्हाईक सवयीनं यायला दोन हिवाळे जाणार. तोवर हप्ते कोण देणार? ही भट्टी. आणि तिला एक सावन जरी वाईट गेला तर? दोन्ही जातील. शिवाय बिअर करणारी तू एकच. रोज कुठल्या गावी असणार होतीस?

आपलं शेवटचं बोलणं टाक्यांच्या खोलीत झालं. पायात गमबूट, हातात पाण्याचा पाइप, कपाळावर घाम. तू म्हणालीस, "वन्सं, तुम्ही आयुष्यभर कर्ज देणाऱ्या होतात, घेणाऱ्या कधी झाला नाहीत. म्हणून भिता." 'तुम्ही' ऐकल्यावर मी समजले की आज खरंच रागावलीस. माझं उत्तर तयार होतं. तेवढ्यात खाली माल्टची गाडी आली म्हणून तू गेलीस आणि मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तुझ्या हातातून पडला. आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला. मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत तू नव्हतीस.

उत्तर तसंच राहिलं. आता घे. मी भीत नाही, वहिनी. मला जे आहे ते आवडतं. तू टाकीच्या काचेला कान लावून आतलं ऐकतेस ते, सकाळी भिजलेल्या बार्लीचा वास भट्टीच्या जिन्यापर्यंत येतो तो, उरलेला चोथा म्हशींसाठी न्यायला गोठ्यावरची गाडी येते आणि गाडीवाला "भाभीजी, भैंसें नाच रही हैं" म्हणतो ते. हे सगळं मी कुणाकडे गहाण ठेवणार नव्हते. तुझ्यासाठीसुद्धा नाही. त्याला तू भीती म्हणालीस याचा मला राग आहे, आणि तो तू गेलीस म्हणून गेलेला नाही.

आता दहाव्याचं ऐक.

सागरतालच्या काठावर पिंड ठेवला. समोर लिंबाच्या फांदीवर कावळे ओळीनं बसलेले, आणि एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, "गेलेल्या जिवाची काही इच्छा राहिली असेल तर पुरी करण्याचा शब्द द्या." आत्याबाई म्हणाल्या, "भट्टी बंद करू म्हणावं, तिचा जीव अडकलाय त्यात." कावळ्यांनी माना फिरवल्या. मला त्या क्षणी ते कावळे फार आवडले. ईशा म्हणाली, "मम्मी, मी नीट जेवेन गं." कावळा हलला नाही, त्याला तिचं जेवण माहीत असावं. मग दादा पुढं झाला. "इंदूरचं करतो गं. तुझं इंदूर करतो." आणि एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला.

झालं. सगळे रडले, दादा तर मुलासारखा. त्या घटकेपासून इंदूर हा व्यवहार राहिला नाही, तुझ्या आत्म्याला दिलेला शब्द झाला. मी घरी आल्यावर कागद काढून दादाला पुन्हा हप्त्यांचं गणित दाखवायला गेले तर तो म्हणाला, "आता काय गणित? कावळ्यानं शिवलं. तू पाहिलंस ना." म्हटलं, "दादा, कावळ्याला ताळेबंद वाचता येत नाही." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी तुला शिवी दिली.

तेराव्याला भाईसाहब आले. माणूस वाईट नाही, खरंच हळहळत होता. "दीदी, भाभीजी का सपना था. हम तो बोतल पे भाभीजी का फोटो लगाएँगे." वहिनी, तुझा फोटो! आधारकार्डावरचा फोटो बघून ज्या बाईनं ते कार्ड कपाटाच्या तळाशी दडवलं, तिचा फोटो बाटलीवर! मी विचारलं, "भाईसाहब, दो सावन ख़राब गए तो किस्त कौन भरेगा?" ते हात जोडून म्हणाले, "दीदी, श्रद्धा रखिए." बँकेत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. ज्यांनी ते म्हटलं त्यांचे हप्ते थकले, दर वेळी.

तुला वाटेल मी एकटी पडलेय. तशी नाही. अकराव्या दिवशी सकाळी ईशा जिना चढून वर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आत्या, फ्रिजमध्ये मम्मीचं यीस्ट आहे. अजून ज़िंदा है. मी बघितलं. आज-कलमध्ये टाकीत नाही गेलं तर मर जाएगा." आत्याबाई खालून ओरडल्या, "सुतकात भट्टी पेटवणार?" मी चपला घातल्या. वर्षानुवर्षं तू जपलेला तो जीव, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेलेला, तुझ्यामागं फ्रिजमध्ये बाटलीत बसून होता. सुतक माणसांना असतं, त्याला कुठलं?

दोघी गेलो. तिनं बार्ली भिजवली, उकळी आणली, हॉप्सची कडू फुलं टाकली, सगळं तुझ्यासारखं, तुझ्याइतकीच खेकसत. मी तोंड बंद ठेवून पाइप धरला. गुरुपौर्णिमेला भरायची टाकी उशिरा भरली. राखीला लोकांना पटकन होणारी गव्हाची बिअर द्यावी लागेल, लागर पोळ्यापर्यंत थांबेल. संध्याकाळी ईशा टाकीच्या काचेला कान लावून बसली. मग म्हणाली, "चालू झालं, आत्या." मी तिथं गमबुटांसकट बसून रडले. तुझ्यासाठी आतापर्यंत रडले नव्हते, कारण घरात रडणारे पुरेसे होते आणि बिलं भरणारी मी एकटी.

नंतर तिला विचारलं, इंदूरचं तुला काय वाटतं. म्हणाली, "मला एक तो ढंगाने सांभाळू दे. फिर देखेंगे. मम्मीला दोन जमल्या असत्या, मैं मम्मी नहीं हूँ." म्हणाली आणि पाइप गुंडाळायला लागली. वहिनी, तुझ्या स्वप्नाच्या हप्त्यांखाली हिला उभी करू? बिअर नीट झाली की नाही हे ठरवायच्या आधी हिनं हप्त्याची तारीख बघायची? शंका आलेली टाकी ओतून द्यायची हिंमत, जी तू मला शिकवलीस, ती डब्यात पैसे असतील तरच होते. डबा रिकामा झाला की शिळी बिअरसुद्धा गोड लागायला लागते. हे तुझंच आहे, मी फक्त त्याला पैशाची बाजू जोडते. शुक्रवारी-शनिवारी भरलेला हॉल बुधवारी भरेल, रिकाम्या टाक्या जागच्या जागी कामाला लागतील, तेव्हा त्याच कमाईतून दुसऱ्या जागेचं बघू. मग इंदूरच काय, तू म्हणशील तिथं. आज नाही.

आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगते. दादा पिंडासमोर बोलला ना, तेव्हा त्याच्या मागं उभी राहून मीही बोलले होते. हळू, पदरात. "वहिनी, टाकी रिकामी नाही ठेवणार." दोघं एकदमच बोललो. तेव्हा तो कावळा कुणाच्या शब्दाला उतरला, हे तोच जाणे. दादाला मी हे सांगणार नाही. कावळ्याचा दाखला मला व्यवहारात चालत नाही, माझ्या बाजूचा असला तरी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्याला भूक लागली असेल, वन्सं."

आज शहराचा सावन चालू आहे आणि आपला श्रावण लागायला अजून थोडे दिवस आहेत. तुझं यीस्ट टाकीत काम करतंय. दोन्ही कॅलेंडरं जागच्या जागी आहेत. सकाळी दादाला सांगितलं की मी परवा येणार नाही. तो म्हणाला, "तिची शेवटची इच्छा होती गं." मी म्हटलं, "शेवटची नव्हती, दादा. शेवटचं भांडण होतं. भांडणाची एक बाजू गेली म्हणून निकाल लागत नाही." तो खाली गेला. पण बऱ्याच वेळानं वर आला, आणि टाकीत लागर कशी चाललीय ते विचारलं.

पोळ्याला टाकी उघडू. पहिला पेला तुझ्या गमबुटांशेजारी ठेवीन. जरा जरी शंका आली तर सगळी ओतून देऊ, डबा आहे. आणि बरी झाली असली, तर मात्र मला तुझ्याशी भांडायचंय, नीट, मध्ये कुठली गाडी येऊ न देता.

तोवर सही नाही, वहिनी. हवी असेल तर ये, आणि माझ्याकडून करून घे.